वाजवून घेतलेली फ्रेम

सायकलच्या दुकानात दोन जपानी फ्रेम टांगलेल्या होत्या, दोन्ही कुणीतरी वापरून विकलेल्या. माझी लेक सुमन गोल ट्रॅकवर शर्यतीची सायकल चालवते. त्या सायकलला ब्रेकच नसतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातला घास परत ताटात ठेवला.

निळी फ्रेम नव्यासारखी चमकत होती. करडीवर ओरखडे होते. निळी घेतली तर चाकांना पैसे उरत नव्हते. सुमन निळीपाशीच घुटमळत म्हणाली, "आई, तूच सांग."

परक्यांसमोर मला बोलायला सुचत नाही. मी करडी हातात घेतली आणि माठ घेताना वाजवतात तशी बोटाने वाजवली.

"मावशी, पाणी भरणार का हिच्यात?" दुकानदार हसला.

मी लाजून हात मागे घेतला. पण सुमनने कान जवळ आणला. "परत वाजव गं." मग तिने निळीही वाजवून पाहिली.

"आवाज दोघींचा सारखाच की! करडीच घेऊ. चाकं तरी येतील."

आता करडी आमच्या भिंतीला टेकून उभी आहे. सकाळी तिला कुंकू लावताना ओरखड्यांवरून हात फिरला. तिकडे जपानातही हिच्यावर कुणाची तरी लेक बसली असेल आणि तिची आई दाराशी वाट बघत असेल. फ्रेम कुठे वाकलेली नाही, म्हणजे ती पोर रोज नीट घरी आली असणार.

येता-जाता मी फ्रेम हळूच वाजवते. आवाज स्वच्छ येतो.