घंटा गप्प झाली तेव्हा

दत्ताराम काकांवर अन्याय झाला. गेल्या माघी गणेशजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीआधी, लालबागमधल्या आमच्या मंडळाच्या कार्यालयात, पंधरावीस माणसांदेखत. कित्येक वर्षं मंडळाची रुग्णवाहिका चालवणाऱ्या या माणसाकडून किल्ली काढून घेतली. कारण? गाडी फ्रीवेवर ऐंशीला गेली की थडथडते, अशी एका पेशंटच्या मुलाची तक्रार होती. गॅरेजवाल्याने पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट बघितली, गाडी ठीक म्हणाला. मग उरले कोण? काका. अध्यक्ष म्हणाले, “काका, स्टीअरिंग आहे ते, ढोल नाही. वय झालं, हात नाचतात तुमचे.” सगळे हसले. काकांनी दोन्ही हात खिशात घातले आणि आरतीला टाळ्या न वाजवताच घरी गेले.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. गिरणीच्या जागेवरची घरं असोत की नळाचं पाणी, माझा कागद मागणीवर संपतो. देवाशी माझं भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. मी समितीसमोर उभी राहून म्हटलं, एकदा गाडी पळवून बघा, मग बोला. फार कटकट केली तेव्हा एका रविवारी सकाळी किल्ली मिळाली. अट अशी, की सेक्रेटरी परबदादा काकांच्या शेजारी बसून त्यांच्या हातांवर लक्ष ठेवणार.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला सांगू? काकांना स्वतःलाच ते आरोप खरे वाटायला लागले होते. करी रोडच्या नाक्यावर चहाचा ग्लास धरून ते मला म्हणाले, “बाये, बघ गो जरा. थरथरता काय माझो हात?” ग्लासातला चहा हलत नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

निघण्याआधी त्यांनी गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मला वाटलं, आता अध्यक्षांचं तळपट मागतील. मी तरी तेच मागितलं असतं. काका म्हणाले, “बा देवा म्हाराजा, खोट माझ्या हातात आसात तर ती दाखव. गाडीत आसात तर ती दाखव. पण पेशंटाक इजा करू नको रे म्हाराजा!” परबदादा म्हणाले, “होय म्हाराजा.” मीही पुटपुटले, जरा नाइलाजानेच.

पेशंटला काय जाणवतं ते कळायला हवं, म्हणून मी मागे स्ट्रेचरवर, डोकं मागच्या दाराकडे करून, आडवी झाले. परबदादांनी पट्टे आवळले. “मेलीस तर पत्रक कोण लिहिणार गो?” म्हणून हसले. मला हसू आलं नाही. डेटॉलचा वास होता आणि त्याखाली अगरबत्तीचा. याच पट्ट्यांखाली आमच्या चाळीतली किती माणसं शेवटची गेली होती. छताला एक बारीक ओरखडा होता. त्यांनीही तोच बघितला असेल.

फ्रीवेवर साठपर्यंत काही नाही. सत्तरला पाठीखाली गुणगुण सुरू झाली. ऐंशीला पुढच्या आरशाला बांधलेली घंटा वाजू लागली. काकांच्या गावच्या देवीची ती छोटी पितळी घंटा. आणि माझ्या डाव्या खांद्याखाली, मागच्या बाजूला, कुणीतरी मुठीने ठोकू लागलं. आत अडकलेला माणूस दार ठोकतो तसं.

“परबदादा, स्टीअरिंगवर हात ठेवा!” मी ओरडले.

मग परबदादांचा आवाज आला, बारीक. “स्टीअरिंग शांत आहे.”

खोट पुढच्या चाकात किंवा काकांच्या हातात असती तर स्टीअरिंग थरथरलं असतं; म्हणजे ती मागच्या चाकात होती. पुढची चाकं तपासून माणसाला दोषी ठरवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण ठोके वाढत होते, पट्टे गळ्याशी आले होते, आणि तेवढ्यात घंटा थांबली. गाडी आणखी जोरात थडथडत होती आणि घंटा मात्र गप्प, जणू कुणी मुठीत धरली होती.

“घंटा गप झाली. देवी थांब म्हणता,” काका म्हणाले. त्यांनी ब्रेक दाबला नाही, नुसता पाय उचलला. गाडी हळूहळू डावीकडे घेत उताराने खाली उतरवली आणि बाजूच्या रस्त्याला थांबवली. इंजिन बंद केलं, आणि मागचा डावा टायर फुटला. उभ्या गाडीत. माझ्या खांद्याखाली.

आतल्या बाजूने, बाहेरून दिसणार नाही अशा जागी टायर फुगलेला होता, तिथेच फाटला. मी उतरून घंटा बोटाने हलवली. वाजली. लोलक जागेवर, दोरा जागेवर. ती का थांबली ते मला माहीत नाही आणि मी कुणाला पटवायलाही जाणार नाही. आता मात्र काकांचे हात थरथरत होते. परबदादांनी ते आपल्या हातांत धरून ठेवले.

किल्ली परत मिळाली, नवा टायर बसला. माफी अजून कुणी मागितलेली नाही, आणि ती मी मागत राहणार. पण मला एक कळलं. माझ्या प्रत्येक मागणीत मीच बरोबर असते. काकांनी स्वतःविरुद्ध जाईल असंही सत्य मागितलं, आणि पेशंटला आधी ठेवलं. शरण जाणं हेच असेल, तर त्या सकाळी मी ते डोळ्यांनी पाहिलं. जिच्या घंटेने मला वाचवलं, त्या देवीपुढे मी डोकं टेकलं आहे.

तुमच्याही मंडळाची रुग्णवाहिका असेल. येत्या रविवारी जा, मागे स्ट्रेचरवर आडवे व्हा, पट्टे बांधून घ्या आणि गाडी ऐंशीवर न्यायला सांगा. तोवर कुणाच्या हातांकडे बोट दाखवू नका.