निबंधातली बाई

मंगळवार, दुपारचे बारा. नेपियर टाउनमध्ये दाताच्या दवाखान्याच्या वरचा मजला. परदेशातल्या नर्सिंग डिग्रीला ॲडमिशन मिळवून देणारा क्लास. बाकांवर मुली, मागे भिंतीला टेकून त्यांच्यासोबत आलेली माणसं, त्यांत मी. क्लास चालवणाऱ्या दुबे सरांनी पहिल्या बाकावरच्या रीनाला विचारलं, "घर में कौन गुज़रा है?"

रीना म्हणाली, "कोई नहीं, सर."

सरांचा चेहरा पडला. म्हणाले, "ऐसे कैसे चलेगा?"

माझी हयात जबलपूरच्या एका हिंदी पेपरात बातमीदारी करण्यात गेली. बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात कोणीतरी समोसे बांधतं. जी छापून येत नाही ती मात्र घरात साचत जाते, आणि कधीतरी तिचा वास यायला लागतो. या क्लासचे किस्से असेच साचलेले आहेत. मी तिथे बातमीसाठी गेलेच नव्हते. चेरीतालला राहणारी माझी भाची मंजिरी तिथे जायची. नर्सिंगचा डिप्लोमा झालेला, एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी, आणि पुढची डिग्री आयर्लंडला करायची जिद्द. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ, डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून जिना चढत नाहीत. म्हणून सोबतीला आत्या. बाकीच्या मुलींची मी आपोआप 'बुआजी' झाले.

तर सरांचा सिद्धान्त असा, की अर्जासोबत 'मला नर्स का व्हायचं आहे' हा निबंध पाठवायचा असतो आणि त्या निबंधाला एक मृत्यू लागतो. जवळचा, आणि शक्यतो आपल्या मांडीवर झालेला. एका मुलीने खरं कारण सांगितलं होतं, की घरात सगळे जण माझ्या पगाराकडे बघतात. सर म्हणाले, "बेटा, यह सबका कारण है. इसे कोई नहीं लिखता."

रीनाच्या घरी कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून सरांनी तिची दादी मारली.

*

दादी निबंधात वारली, रीनाच्या घरात मात्र ठणठणीत होती. युनिव्हर्सिटीचा इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर होता. तिकडच्या मॅडम फार सभ्य. पहिलंच वाक्य बोलल्या ते आजीबद्दल वाईट वाटल्याचं. रीनाने मान खाली घातली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि दादी चहा घेऊन आत आली.

रीनाने इंग्रजीत सांगितलं, "ही माझी दुसरी आजी."

मॅडम खूश. त्यांनी हात हलवून नमस्कार केला, प्रकृती कशी आहे विचारलं. दादीने रीनाला विचारलं, "मैडम क्या बोल रही है?"

"आपकी तबियत पूछ रही हैं."

"बोल दे, घुटने छोड़ के सब ठीक है."

रीना नंतर क्लासमध्ये सांगत होती, "बुआजी, घुटनों का मैंने पूरा ट्रांसलेट किया. मरी हुई के बदले कुछ तो सच जाए."

*

क्लासमध्ये एक रबरी बाहुला होता. एक हात खांद्यातून निखळलेला. मुली त्याला 'पेशंट भैया' म्हणायच्या. तिकडच्या पद्धतीने पेशंटला हाताळल्याचा व्हिडिओ पाठवावा लागतो, त्याचा सराव या भैयावर चालायचा. आधी आपलं नाव सांगायचं. मग विचारायचं, मी तुमचा हात धरू का? आता सुई टोचते, थोडं दुखेल, चालेल का? हे सगळं हात नसलेल्या बाजूला उभं राहून. मुली हसून बेजार व्हायच्या. ज्या वॉर्डात त्या काम करायच्या तिथे पेशंटला 'हाथ इधर' यापलीकडे काही ऐकायची सवय नव्हती.

मंजिरीने मात्र वॉर्डातच सराव सुरू केला. खिडकीजवळच्या खाटेवर फूलवतीबाई नावाची पेशंट होती, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेली. भेडाघाटकडची, नवरा संगमरवराच्या मूर्ती घडवतो, ही त्यांना पॉलिश करते. नखांत पांढरी भुकटी कायमची बसलेली. ऑपरेशननंतर मंजिरी तिच्याजवळ गेली, नाव सांगितलं आणि म्हणाली, "अम्मा, मैं आपका हाथ पकड़ूँ? सुई लगानी है, थोड़ा दुखेगा."

फूलवतीबाईने हात पांघरुणाखाली ओढून घेतला आणि नवऱ्याला हाक मारली. "सुनो, डॉक्टर से पूछ के आओ, मैं बचूँगी कि नहीं. नर्स प्यार से बोल रही है."

मंजिरीने हा किस्सा सांगितला तेव्हा अख्खा क्लास हसला. मीही हसले. बाईची तब्येत तेव्हा बरी होती.

*

अर्जाला हॉस्पिटलच्या मेट्रनचं शिफारसपत्र लागतं. मंजिरीच्या हॉस्पिटलात डोंगरे मॅडम मेट्रन होत्या, आपल्याच, मूळच्या नागपूरच्या. त्यांची पद्धत सगळ्या नर्सना पाठ होती. जी नर्स कामचुकार, जिच्या हातून सलाईनच्या जागा सुजायच्या, तिला मॅडम दिवसभरात पत्र द्यायच्या आणि त्यात 'असामान्य' हा शब्द असायचा. अशा दोघी परदेशी पोचल्यासुद्धा. जिच्या जिवावर वॉर्ड चालायचा तिला सांगायच्या, पुढच्या आठवड्यात ये.

मंजिरीचे असे आठवडे जात राहिले. शेवटी मीच जाऊन भांडले. म्हटलं, मॅडम, चांगलं काम करते म्हणून तिला शिक्षा काहून?

डोंगरे मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही भांडून राहिल्या ते बरोबर आहे, ताई. पण दोन वॉर्डांना मिळून एक नर्स आहे माझ्याकडे. तिला सोडलं, तर संध्याकाळी पेशंटना काय, तुम्ही बघणार?"

वॉर्डात तेव्हापासून कोणाचं कौतुक झालं की बाकीच्या नर्स त्या मुलीचं सांत्वन करायच्या.

*

आता पुढचा किस्सा. याला कोणी हसलं नाही.

फूलवतीबाईला दुपारच्या जेवणानंतर धाप लागली. मंजिरी शेजारच्या वॉर्डात होती, नवऱ्याच्या हाकेने धावत आली. ड्युटीवरचे डॉक्टर कागदोपत्री हजर, प्रत्यक्षात राइट टाउनला स्वतःच्या क्लिनिकमध्ये. मंजिरीने फोन केला. "निकल रहा हूँ." पुन्हा केला. "निकल ही रहा हूँ." ओठ निळे पडले, नाडी लागेना, तेव्हा ती छाती दाबायला लागली, पेशंट भैयाची दाबायची तशी. नवऱ्याला तिने बाहेर काढलं होतं. तो दारातून विचारत होता, आराम लगा क्या? ती दाबत राहिली. डॉक्टर आले नाहीत. बाई गेली.

डॉक्टरांच्या आधी मॅनेजर आले. त्यांनी खाटेकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि सांगितलं, हिला ऑक्सिजनचा मास्क लावा, बड्या हॉस्पिटलला रेफर करायची आहे. मंजिरी म्हणाली, सर, ही गेली. ते म्हणाले, डॉक्टर तुम हो क्या? स्ट्रेचर आलं. ॲम्ब्युलन्स आली. दारात नवऱ्याला सांगण्यात आलं की तिथे मोठी मशीन आहे, सब ठीक हो जाएगा. तो बायकोचा पाय धरून गाडीत बसला. मोठ्या हॉस्पिटलात तिला बघितलं आणि सांगितलं, ही इथे आणण्याआधीच गेलेली आहे. चिरफाड नको म्हणून तो तिला तिथूनच गावी घेऊन गेला.

मंजिरी माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हे सांगत होती. मी डॉक्टरच्या नावाने ओरडत होते, मॅनेजरच्या नावाने ओरडत होते.

ती म्हणाली, "आत्या, तू त्यांच्यावर काहून चिडून राहिली? मास्क मीच बांधला."

*

मी बातमी लिहिली. संपादक माझ्यापेक्षा वयाने लहान, पण वागायला चांगले. हॉस्पिटलच्या जाहिराती आमच्या पहिल्या पानावर असतात, हे ते बोलले नाहीत आणि मीही तो विषय काढला नाही. त्यांनी दोन्हीकडची बाजू मागितली, मी आणली. पहिलं हॉस्पिटल म्हणतं, आमच्याकडून निघाली तेव्हा प्रकृती स्थिर होती. दुसरं म्हणतं, आमच्याकडे आली तेव्हा मेलेली होती. ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, मी पुढे बसतो, मागचं मला काय माहीत.

संपादकांनी तिन्ही बाजू वाचल्या. म्हणाले, "दीदी, फिर मरी कहाँ? रास्ते में? तो सड़क का वर्शन ले आइए."

बातमी माझ्याकडेच राहिली.

*

मंजिरीने निबंध लिहायला घेतला. दुबे सरांनी दिलेला मृत आजोबा तिने परत केला आणि हे सगळं लिहिलं. नखांतली भुकटी, 'नर्स प्यार से बोल रही है', डॉक्टरचे फोन, आणि शेवटी मास्कसुद्धा. मला डिग्री हवी आहे, तिने लिहिलं, कारण त्या दुपारी मला काय करता आलं असतं आणि काय करायला नकार देता आला असता, ते शिकायचं आहे.

सरांनी निबंध दोनदा वाचला. मग म्हणाले, "इसमें तो बनावट कुछ है ही नहीं."

आणि त्यांनी त्याच्या झेरॉक्स काढायला पाठवल्या.

पुढच्या तासाला सगळ्या बॅचकडे फूलवतीबाई होती. कोणी तिची काकी केली होती, कोणी शेजारीण, एकीने तर पुरुष केला होता. भेडाघाट तेवढं सगळ्यांनी ठेवलं, ते तिकडच्या लोकांना इंटरनेटवर बघता येतं. रीनाने पहिल्या अर्जातली दादी जिवंत केली आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीला, मंजिरीला हवी होती तिथेच, हा निबंध पाठवला. मी सरांशी कडाडून भांडले. ते खरंच गोंधळले. म्हणाले, "दीदी, वो औरत मंजिरी की रिश्तेदार थी क्या?"

बाकीच्या मुली अर्ज पाठवून मोकळ्या झाल्या. मंजिरी डोंगरे मॅडमच्या पत्राची वाट बघत होती. ते अगदी शेवटी आलं. त्यात लिहिलं होतं, काम साधारण.

रीनाला ॲडमिशन मिळाली. मंजिरीला उत्तर आलं की तुमचा निबंध आमच्याकडे आधी आलेल्या अर्जांशी जुळतो, नक्कल केलेली दिसते. मात्र हा अनुभव तुमचाच असेल, तर त्या मृत्यूच्या वेळी तुम्ही ड्युटीवर होता, असं हॉस्पिटलचं पत्र पाठवा. पुन्हा विचार करू.

*

आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. मॅनेजरांनी चहा मागवला. मंजिरीने काय हवं ते सांगितलं. ड्युटीचं पत्र द्यायला ते लगेच तयार झाले. मृत्यूचं नाही. म्हणाले, "बेटा, यहाँ तो कोई डेथ हुई ही नहीं. पेशेंट स्टेबल गई थी. जो हुआ नहीं, उसका लेटर कैसे दें?"

मंजिरी म्हणाली, "सर, आप वहीं खड़े थे."

ते हसले. आवाज अगदी वडिलकीचा. "पर लिखा तुमने बहुत अच्छा है. मैंने पूरा पढ़ा."

मी विचारलं, तुम्हाला कुठे वाचायला मिळालं?

"मेरी बिटिया भी उसी क्लास में है ना. उसने भी यही लगाया है."

मी विचारलं, "उसमें वो औरत मरती है, या स्टेबल रहती है?"

मॅनेजरांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. चहा अर्धाच राहिला.

*

मागच्या रविवारी सकाळी रीनाचा आयर्लंडहून व्हिडिओ कॉल आला. मंजिरी अजून त्याच वॉर्डात आहे, ड्युटीला निघायच्या तयारीत बूट घालत होती. रीना थंडीने लाल झालेली. आधी सगळ्यांची चौकशी केली, दादीच्या घुटन्यांची खबर दिली. मग म्हणाली, मंजू, एक प्रॉब्लेम झाला आहे.

तिथल्या वर्गात शिक्षिकेने तिचा निबंध चर्चेला घेतला. मोठ्याने वाचून दाखवला. रीनाला वाटलं, आता सगळे हळहळतील, कोणीतरी रडेल. कोणी रडलं नाही. एका मुलाने विचारलं, मग चौकशीत काय निघालं? त्या डॉक्टरचं पुढे काय झालं? शिक्षिकेलाही तेच हवं होतं. रीनाने सांगून ठेवलं, विचारून सांगते.

"परसों फिर क्लास है," ती म्हणाली. "मंजू, क्या बोलूँ?"

मंजिरीने फोन माझ्या हातात दिला आणि दुसरा बूट घालायला वाकली.

दोन्ही प्रश्न मी सोमवारी हॉस्पिटलच्या काउंटरवर लेखी दिले. माझ्यासोबत फूलवतीबाईचा नवरा होता, हातांना पांढरी भुकटी तशीच. त्याला मृत्यूचा दाखला हवा आहे. दाखल्यासाठी ती कुठे मेली ते सांगावं लागतं. दोन्ही हॉस्पिटलं म्हणतात, आमच्याकडे नाही.