अर्धा व्हॉल्व्हचा, अर्धा ट्रान्झिस्टरचा : पाचोडच्या रिसीव्हरमागे तीन दिवस

फोटो आला तेव्हा मी अकरावीचे पेपर तपासत बसले होते. जुन्या रेडिओंच्या वेड्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यात कुणीतरी टाकला होता. लाकडी पेटीतला स्टिरिओ रिसीव्हर, मागची फळी काढलेली. आत एका बाजूला काचेचे व्हॉल्व्ह ओळीनं उभे, आणि दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवलेले जाडजूड ट्रान्झिस्टर. दोन्ही, एकाच पेटीत! मी ओरडलेच, "सुधीर! हायब्रीड आहे, हायब्रीड!"

"काय, ज्वारी?" नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

त्याचं सोडा. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रान्झिस्टर नवे होते तेव्हाची काही वर्षं अशी होती, की बनवणाऱ्यांना नव्याचा मोह आवरत नव्हता आणि जुन्यावरचा जीवही सुटत नव्हता. मग त्यांनी स्टेशन पकडायला नि नाजूक आवाज सांभाळायला व्हॉल्व्ह ठेवले, आणि स्पीकर दणकून हलवायला ट्रान्झिस्टर लावले. थोड्याच काळात सगळं ट्रान्झिस्टरवर गेलं आणि हे सेट मागे पडले. आवाज म्हणाल तर चुलीवर शिजवलेलं कालवण स्टीलच्या डब्यातून गरमागरम घरी यावं तसा. वीस वर्षं या छंदात आहे, पण असा सेट माझ्याकडे नव्हता. मला तो हवाच होता. शहाण्या बाईला शोभणार नाही इतका हवा होता.

सेट पैठण तालुक्यातल्या पाचोडला होता, बंद पडलेला, मालक द्यायला तयार. शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही नाशिकहून निघालो. येवला, वैजापूर करत छत्रपती संभाजीनगर, चहाला थांबून साधारण चार तास. घाई असेल तर समृद्धीनं या, पण तिथं चहाची टपरी नाही हे लक्षात ठेवा. स्टेशनजवळ चौदाशेत स्वच्छ खोली मिळाली. रात्री नानखलिया खाल्ला. पिवळाधमक मोठा नान नि त्यावर लाल तर्रीचं मटण. दोघांनी पोटभर खाऊन चारशेच्या आत. या शहरात येऊन हे न खाता जाणाऱ्यांशी मी बोलत नाही.

शनिवारी सकाळी बीडच्या रस्त्याला लागलो. पाचोड तासाभरावर. रस्ता झकास, दोन्हीकडे मोसंबीच्या बागा. नेमका आठवडी बाजार होता, त्यामुळे गाडी गावाबाहेर लावून मिरच्यांच्या ढिगांतून नि शेळ्यांच्या गर्दीतून वाट काढत गेलो. गरम भज्यांचा पुडा घेतला तो घर येईपर्यंत संपला.

रंभाजी आबा दारातच उभे होते. सत्तरी ओलांडलेले, ताठ, खांद्यावर घोंगडी. घराणं मेंढरांमागे फिरणारं, पण आबा तरुणपणी पैठणला धरणाच्या वसाहतीत चौकीदार होते. तिथल्या एका साहेबांनी बदली झाल्यावर हा परदेशातून आणलेला सेट त्यांना दिला.

"साहेब म्हणले, रंभाजी, तू रोज खिडकीखाली हुबा राहून ऐकतूस, तूच ने," आबा म्हणाले. "लई वर्षं वाजला. आता पाच वर्षं झाली, मुका हाय. मुकं जनावर दावणीला बांधून काय करू?"

मी मागची फळी काढली. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर हळदीकुंकवाचा थर! खाली सॉकेटवरसुद्धा सांडलेलं. खंडेनवमीला घरोघरी विळे-कुऱ्हाडी पुजतात, मोटारसायकलला हार घालतात. तशी इथं गयाबाई आजी, म्हणजे आबांच्या मंडळी, दरवर्षी सेटची पाठ उघडून आतल्या एकेका दिव्याला हळदीकुंकू वाहायच्या.

आता माझा स्वभाव. वर्गात फळ्यावर चूक दिसली की मला दम निघत नाही. "अहो आजी, मशीनमध्ये कुणी कुंकू घालतं का? बघा काय करून ठेवलंय! इतका दुर्मिळ सेट!"

आजी उंबऱ्याशी उभ्या होत्या. तशाच आत गेल्या. आबाच म्हणाले, "तेच म्हणतंय समदं गाव. त्या साली पूजा केली, बटण दाबलं, आन् गप. पोरगा लई बोलला तिला. तवापासनं ती त्याला हातच लावत नाय."

ऐकलं मी. पण खरं सांगते, डोळ्यांसमोर फक्त सेट होता. व्यवहार झाला, मोसंबीची पिशवी वर मिळाली, सुधीरनं कमरेला हात लावत सेट नि दोन स्पीकर डिकीत ठेवले. आजी निरोपाला बाहेर आल्या नाहीत.

दुपारी शहागंजच्या एका गल्लीत शफीभाईंचं दुकान गाठलं. टीव्हीच्या सर्किटच्या प्लेट दुरुस्त करून पोट भरतात, पण व्हॉल्व्ह दिसला की माणूस विशीतला होतो. त्यांनी आत डोकावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "या अल्ला! मॅडम, ये कहाँ से उठा लाए? वालिदसाब के जमाने में एक देखा था. छोड के जाओ, कल आओ."

"कुंकवानं वाट लावलीय," मी म्हटलं.

"देखते."

रविवारी दुपारी पोहोचलो तेव्हा सेट टेबलावर, व्हॉल्व्ह लख्ख. शफीभाईंनी खटका दाबला. लगेच काही नाही. मग व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले, तापलेल्या लाकडाचा नि धुळीचा वास आला, आणि स्पीकरमधून बाई बोलली. बातम्या होत्या हो, नुसत्या बातम्या! पण वाटलं, बाई आमच्या मधल्या स्टुलावर बसून बोलतेय. मग सनई लागली. फुंकेआधीचा श्वास ऐकू आला. माझ्या अंगावर काटा. सुधीर, ज्याला मोबाइलच्या स्पीकरवर गाणी ऐकून चालतं, तोसुद्धा म्हणाला, "आयला."

"काय, कुंकू साफ केलंत आणि लागला ना?" मी विजयी.

"नहीं मॅडम." त्यांनी बोटाएवढा एक कंडेन्सर टेबलावर ठेवला. फुगलेला, बुडाशी गळून चिकट झालेला. "पहले पूरा कुंकू साफ किया. फिर भी मुर्दा. ये बदला, तो जी उठा. उमर हो गई थी इसकी, बस. कुंकू बेचारा सूखा, काच पे पडा था. उसने कुछ नहीं बिगाडा."

मी तो कंडेन्सर हातात घेतला. फिजिक्सची बाई मी! एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं, हे दरवर्षी पोरांना घसा कोरडा करून सांगते. आणि एका म्हातारीला तिच्याच दारात, काही न तपासता, चोर ठरवून आले होते. इतकी लाज वाटली की कान तापले.

"फोन कर ना," सुधीर म्हणाला. "नाशिक या बाजूला, पाचोड त्या बाजूला."

"तोंडावर बोलले, तोंडावरच सांगणार."

"आणि वाजणारा सेट बघून त्यांनी परत मागितला तर?"

माझ्या मनात हेच होतं. नुसता कंडेन्सर घेऊन जावं, सेट डिकीतच झाकून ठेवावा, असंही मनात येऊन गेलं. पण न वाजवता आजींना खरं कसं वाटणार? शेवटी सेट घेऊनच पाचोडला निघालो.

आबांच्या ओसरीवर सेट मांडला, वायरचा तुकडा एरियल म्हणून पत्र्याला बांधला. शेजारची चार माणसं जमली. मी आजींना हाताला धरून बाहेर आणलं नि सगळ्यांसमोर म्हणाले, "आजी, मी चुकले. तुमच्या कुंकवानं काही झालं नव्हतं. हा बघा, हा म्हातारा होऊन गेला होता." कंडेन्सर त्यांच्या तळहातावर ठेवला आणि बटण दाबलं.

व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले. मग आवाज आला. आजी एकदम खाली बसल्या. पदर तोंडाला लावला आणि रडल्या, चांगल्या हुंदके देऊन. "पाच वरसं गं बाई... पाच वरसं म्या त्येच्याकडं बघितलं नाय." आबा गोंधळून त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

मी म्हटलं, "आजी, सेट इथंच ठेवू का?" आणि आता खरं सांगते. आपल्याकडे असं विचारलं की माणसं म्हणतात, नको नको, तुम्ही घेतलाय, तुमचाच. मी त्याच उत्तराची वाट बघत होते.

आजींनी डोळे पुसले. "व्हय. त्या फळीवर ठेव. आन् तुमचं पैकं आबा देत्याल माघारी."

झालं!

रिकामी डिकी घेऊन परतलो. वैजापूरपर्यंत मी फुगून बसले होते. येवल्याला चहा पिताना सुधीर हसायला लागला, मग मलाही हसू आलं. घरी सेटसाठी रिकामं केलेलं टेबल तसंच आहे. वाईट वाटतं का? वाटतं. त्या सनईचा श्वास आठवला की फार वाटतं. जाणार असाल तर जरूर जा. आबा ऐकवतात, आजी चहा करतात, फक्त विकत मागू नका.

परवा मधल्या सुट्टीत आजींचा फोन आला. पलीकडे सेट चालू होता, आणि त्या कुणावर तरी करवादत होत्या, "माझ्या हातानं नव्हता मेला! इश्वास नाय? ही घे, मास्तरीणबाई फोनवर हाय, तिलाच इचार!"

आजींनी ज्यांना असं माझ्याकडून वदवून ऐकवलं, त्यांतला हा बहुतेक पाचवा माणूस. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर उभी राहिले आणि पाचोडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आजींची काही चूक नव्हती! चूक माझी होती!"