तुले तशीबी झोप येत नाही

झोप गेलेल्या माणसाची लोकांना दया येते, असं ज्याला वाटत असेल त्याला पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत एक हिवाळा आणून ठेवायला हवा होता. दया आली, नाही असं नाही. चार दिवस आली. मग गल्लीच्या लक्षात आलं की आपल्याला फुकटात एक जागी बाई मिळाली आहे, आणि दयेचं काम संपलं.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. माझी सासू लकव्याने उन्हाळाभर आणि पावसाळाभर खाटेला खिळली होती. तिची कूस बदलायची, पाणी पाजायचं, खालचं काढायचं, सगळं माझ्याकडे. तिला बोलता येत नव्हतं. ती खाटेच्या लाकडावर नखाने खरवडायची आणि मी उठायचे. पोळा झाला आणि ती गेली. खाट अंगणात नेऊन उभी केली, तरी माझ्या कानातलं खरवडणं थांबेना. अंग टाकलं की डोळे टक्क उघडे. नवरा संत्र्याच्या पेट्या ठोकायचा. घरी आला, जेवला, आडवा झाला की घोरायला लागायचा. तो दारू पीत नव्हता, अंगावर हात टाकत नव्हता, पण त्या घोरण्यापायी मी त्याचा जितका द्वेष केला तितका पिणाऱ्या नवऱ्याचाही कोणी केला नसेल.

दिवाळीनंतर जीन सुरू झाली. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आम्ही जीन म्हणायचो आणि त्या कारखान्यालाही जीनच. यंत्रांची रांग, एकेका यंत्रासमोर एकेक बाई. आपण हाताने कापूस पुढे सारत राहायचा, चामड्याचा रूळ रुई ओढून घेतो, सरकी खाली पडते. रूळ कापूस ओळखत नाही आणि बोटही ओळखत नाही. आदल्या मोसमात माझ्या शेजारची बाई घरच्या बारशासाठी रात्रभर जागून कामावर आली आणि तिला डुलकी लागली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मुकादमाने लाल झालेली रुई बाजूला काढली आणि पट्टा परत चालू केला. यंदा ती परत कामावर आली होती, तिच्या शेजारच्या यंत्रावर मी बसत होते आणि महिनोन्महिने धड झोपले नव्हते. मला माझ्या हातांची भीती वाटायची. जेवतानासुद्धा मी ते बघत बसायचे.

औषधं मात्र गल्लीने सढळ हाताने दिली. उशाखाली कांदा ठेव. दुधात जायफळ उगाळून घे. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घास. खसखशीची खीर खा. माझी मोठी नणंद भिंतीला भिंत लावून राहायची. तिने तर सावरगावच्या एका भगताचं घर कुठे आहे ते माझ्या कानात सांगितलं. म्हणाली, "बाहेरचं काही असन तं तो काढते." आम्ही दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन येणारी माणसं, तिच्याही घरात बुद्धाचीच मूर्ती. बाई, मला लागलेलं सगळं भिंतीपलीकडचंच आहे, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. मोठ्या नणंदेला उलटून बोलायचं नसतं, हे मला आईने शिकवलं होतं, आणि आईचा त्याबद्दल मला अजून राग आहे.

कारण औषध देणारी तीच तोंडं दुसऱ्या दिवशी दारात यायची. गल्लीच्या टोकाला एकच नळ. त्याला पाणी यायचं पहाटे, अंधारातच, आणि तेही लहरीने. पहिल्यांदा नणंद म्हणाली, "तुले तशीबी झोप येत नाही, माहा गुंड भरून ठेवजो." मग हळूहळू सगळ्यांचेच पाण्याचे पितळी गुंड संध्याकाळपासून माझ्या उंबऱ्यासमोर रांगेत येऊन बसू लागले. कोणाला नागपूरची पहिली गाडी धरायची. "तुले तशीबी झोप येत नाही, उठवजो मले." कोणाचा कापूस अंगणात उघड्यावर पडलेला. "तुले तशीबी झोप येत नाही, जराशी नजर ठेवजो." रात्री कोणी वारलं तर प्रेताजवळ पहाटेपर्यंत एक माणूस जागं लागतं. नात्यातलं असो नसो, बोलावणं मला. घरचे लोक रडून रडून भिंतीला टेकून झोपायचे आणि मी एका परक्या म्हाताऱ्याच्या उशाशी उदबत्तीवर उदबत्ती लावत बसायचे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आमच्या गल्लीसारखी गल्ली नाही.

शेवटी मी सरकारी दवाखान्यात गोळी मागायला गेले. तिथली सिस्टर माझ्यापेक्षाही तिरसट निघाली. गोळी देणार नाही म्हणाली. उठायची वेळ एकच ठेवायची, सुट्टीच्या दिवशीही तीच. दुपारी पाठ टेकायची नाही. दिवस कलल्यावर चहा नाही. डोळ्यांवर पेंग आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही, आणि पडून झोप येईना तर उठून अंधारात नुसतं बसायचं, पेंग आली की परत जायचं. मग तिने विचारलं, "रात्री जागी असते तवा काय करते?" मी सगळं सांगितलं, नळ, गाडी, प्रेत. "अन् तुले वाटते झोप येईन?" एवढं बोलून तिने पुढच्या बाईला हाक मारली.

मी तिचं ऐकलं, रागारागाने ऐकलं. जिनीच्या पहिल्या भोंग्याला उठायचं ठरवलं. सुट्टीच्या दुपारी सगळी गल्ली उन्हात लवंडलेली असायची तेव्हा मी दाळ निवडत बसायचे आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालायचे. शिव्यांमुळे जागं राहता येतं, हा माझा अनुभव आहे. नुसतं बसणं सगळ्यात कठीण गेलं. आमच्यासारख्या बायकांना काही न करता बसायची सवयच नसते, हात आपोआप कशालातरी जातो. मी हात मांडीखाली दाबून बसायचे. तसं करता करता थोडी थोडी झोप यायला लागली. तुकड्यातुकड्याने आली, पण आली.

आणि ती आली रे आली की दारावर थाप. "जागीच असशीन ना?" मला झोपेतून उठवायचे आणि विचारायचे, जागी आहेस ना! मी दार उघडायचे, गुंड उचलायचे. कशाला उचलत होते, देव जाणे. गल्लीत वाईट व्हायचं नव्हतं, दुसरं काय.

अशाच एका थापेनंतरच्या सकाळी जिनीवर माझी मान खाली गेली. कट्कन आवाज झाला आणि मी जागी झाले. यंत्राच्या कडेवर आपटून बांगडी फुटली होती, हिरवी काच पांढऱ्या रुईबरोबर पुढे चालली होती, आणि माझी बोटं रुळापासून तांदळाएवढी दूर होती. शेजारच्या बाईने उरलेल्या तीन बोटांनी माझं मनगट धरून मागे ओढलं. मुकादम धावत आला. "पुन्हा डुलली तं यंत्राले हात नाही लावू देणार. अंगणात बसून घाण कापूस वेचजो." तो निघून गेला तरी ती बाई माझं मनगट सोडेना.

त्या संध्याकाळी मी उंबऱ्यासमोरचे गुंड उचलले, ज्याचे त्याच्या दारात नेले आणि उपडे ठेवले. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आजपासून मी कोणाचं पाणी भरणार नाही, कोणाला उठवणार नाही, कोणाच्या मढ्याजवळ बसणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं गाव आणि सावरगाव जाम नदीत एकमेकांना दगड मारतात, पण ते दिवस मावळेपर्यंत आटोपतं. गल्लीच्या जिभा वर्षभर चालतात. त्या संध्याकाळी मात्र कोणी भांडलंच नाही. सगळे हसले. तेच मला जास्त लागलं.

नणंद तर हसत हसत जवळ आली. दुसऱ्या दिवशी सौंसरला तिच्या पुतण्याचं साक्षगंध होतं, आणि नवरीला नेसवायची साडी तिच्याकडे होती. पहिली गाडी धरायची होती.

"मी उठवणार नाही, बाई," मी म्हटलं. "मी झोपणार आहे."

"झोपशीन तं झोप वं. पण उठवजो."

त्या रात्री मी झोपले. कशी ते सांगता येत नाही, कारण मी तिथे नव्हतेच. भोंगा ऐकला तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवर आली होती आणि नणंद दोन्ही हातांनी दार बडवत होती.

"मेली होती काय वं?"

"नाही, बाई. झोपले होते."

"पाव्हणे साडीची वाट पाहून राहिले, आमची इज्जत गेली, अन् हे झोपली होती!" ती गल्लीकडे वळली. "ऐका वं! झोपली होती म्हणते!"

चोरी पकडावी तसं ती बोलली. तिच्या मागे बायका रिकामे गुंड घेऊन उभ्या होत्या. कांदा देणारी होती, जायफळवाली होती, काशाची वाटी आणून देणारी होती. मी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. बरं झालं बाई, झोप लागली, एवढं एकीने तरी म्हणावं, याची मी खरंच वाट पाहिली. कोणी म्हटलं नाही. मी वेणी घातली आणि कामावर गेले. दिवसभर हात यंत्रापुढे नीट चालले.

नणंदेने बोलणं टाकलं आणि गजराचं घड्याळ आणलं. ठेवलं ते आमच्या मधल्या भिंतीत तिच्या बाजूच्या कोनाड्यात, बरोबर माझ्या उशामागे. उन्हाळ्यात त्याच पुतण्याचं लग्न आलं, सौंसरलाच, आणि गाडीही तीच पहिली. पहाटे घड्याळ खणखणायला लागलं. मी जागी झाले. पलीकडे नणंदेचं घोरणं एका लयीत चालू होतं, आणि माझ्या बाजूला नवऱ्याचं. बहीणभाऊ सारखेच. भिंतीवर एक थाप मारली असती तरी ती उठली असती.

मी दोन्ही हात पांघरुणात घेतले. चावी संपेपर्यंत घड्याळ वाजत राहिलं, आणि मग मला पुन्हा झोप लागली.