आषाढातच गळालेली पिसं

आमच्या कोंबड्या पिसं टाकायच्या त्या दसऱ्याच्या सुमाराला. दिवस आखडू लागले, बांधावर तरवडाला पिवळी फुलं आली की आधी मानेवरची पिसं जायची, मग पाठीवरची, शेवटी शेपटीची. अंडी बंद व्हायची. थंडी पडेपर्यंत अंग पुन्हा भरून यायचं. बेंबळीजवळच्या आमच्या वस्तीत याचं कुणाला नवल नव्हतं.

त्या दुष्काळाच्या साली मात्र आषाढातच पिसं गळू लागली. मृग कोरडा गेला होता. सकाळी झाडलेल्या अंगणात दुपारपर्यंत तांबडी-काळी पिसं वाऱ्यानं लोळत असायची. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा आखाडासाठी माहेरी आलेली होती. उन्हाळ्यातच तिचं लग्न झालं होतं. सासरीही पाण्याची बोंब, म्हणून दसऱ्यापर्यंत तिला आमच्याकडंच राहू द्यायचं ठरलं. त्यानंतर नवऱ्याबरोबर ती ऊसतोडीला जाणार होती, खाली दूर कारखान्यावर.

शेजारची चुलती कोंबड्या बघून म्हणाली, मानमोडीची साथ दिसते, मरायच्या आत बाजार दाखवा. मायनं कोंबड्या न्यायला डालगं काढलंसुद्धा. अक्कानं एक कोंबडी मांडीवर घेतली आणि मानेवर हळूच फुंकर मारली. उघड्या कातडीवर निळसर, टोकदार कोंब आले होते, जोंधळा उगवताना दिसतो तसे.

"ही रोगानं न्हाय गळली, माय," ती म्हणाली. "दाणापाण्याचे हाल झाले म्हणून लवकर गळली. नवी येऊ लागलीत बघ."

मायनं वाकून त्या कोंबांवरून बोट फिरवलं. मग तिनं डालगं परत आढ्याला टांगलं.

घरात माणसांनाच पुरेल एवढा जोंधळा नव्हता, तर कोंबड्यांना कुठला? अक्का आणि मी रोज संध्याकाळी बांधावर जायचो. मडक्यात शेण आणि चिपाडं भरून, धुण्याचं उरलेलं पाणी शिंपडून ते उपडं ठेवायचो. सकाळपर्यंत आत वाळवी भरायची. ती अंगणात झाडली की उघड्या अंगाच्या त्या कोंबड्या तुटून पडायच्या.

बांधावर बसल्यावर अक्का सासरचं सांगायची. नवरा शांत आहे, सासू जेवायला आधी तिला वाढते, असलं. तक्रार कसलीच नव्हती. एकदा मडकं उपडं करता करता तिनं विचारलं, "मला तिकडं करमंल का गं?"

"करमंल की," मी म्हणाले.

हस्ताचा पाऊस आला, उशिरा आणि थोडाच. भोरड्यांचे थवे दरवर्षीसारखे आभाळात वळसे घेऊ लागले, पण त्यांना उतरायला यंदा पिकं नव्हती. कोंबड्यांच्या अंगावर तोवर तेलकट चमकणारी पिसं आली होती. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक वस्तीच्या तोंडाशी थांबला आणि अक्का पेटी, पातेली घेऊन वर चढली. मायनं तिच्या पदरात शेंगा बांधून दिल्या.

पुढच्याच आठवड्यात कोंबड्या अंड्यावर आल्या. माय अंडी शिंकाळ्यात साठवत राहिली, कुणाला खाऊ देईना. शेवटी तिनं ती खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवली.

अक्का जयंतीला आली. वस्तीवर निळे झेंडे लागले होते. ती काळवंडली होती, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. तिनं मूठभर कण्या घेऊन कोंबड्यांना हाक मारली. जुन्या धावत आल्या. त्या अंड्यांतल्या पिल्लांच्या आता तलंगा झाल्या होत्या, त्या तिला ओळखत नव्हत्या, कुडाकडंच थांबल्या. ती हसली आणि त्यांच्यासाठी कण्या लांब फेकल्या. एका रात्रीनंतर ती सासरी गेली.

दोन-तीन हंगामांनी तिच्या नवऱ्याला कारखान्याच्या आवारातच काम लागलं आणि ती तिकडचीच झाली. लग्नाकार्याला भेट होते. फोनही होतो. तिच्या बोलण्यात आता तिकडचे हेल आलेत. ती नातवंडांचं काहीबाही सांगत असते आणि मी तिचा जुना आवाज कुठं ऐकू येतो का, म्हणून फोन कानाशी घट्ट धरून बसते.