शुक्रवारचा जपानी लेखक

बायको आणि मुलगी पुण्याला परत गेल्यावर रियाधचा तीन खोल्यांचा फ्लॅट माझ्या अंगावर यायला लागला. मुलीची बारावी झाली, तिला पुढे पुण्यातच शिकायचं होतं, म्हणून दोघी गेल्या. माझी बँकेतली आयटीची नोकरी इथली, म्हणून मी राहिलो. अशा माणसाला इथे 'फोर्स्ड बॅचलर' म्हणतात. ऐकून वाटतं कसली तरी शिक्षा झालीये, आणि ते काही फारसं खोटं नाही.

पुण्यात मुलीने जपानी घेतली. इथे असताना मी मराठीत रागावलो की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आता म्हणे जपानी. एका जगभर गाजलेल्या जपानी कादंबरीकाराचं आयुष्य आणि लेखन हा तिच्या प्रोजेक्टचा विषय होता. एवढंच मला तिच्या नव्या जगातलं ठाऊक.

शुक्रवारी मला सुट्टी असते आणि तिला कॉलेज. दुपार कलली की मी फोन लावायचो, तोवर तिकडे संध्याकाळ झालेली असायची.

"जेवण नीट होतंय ना?"

"हो."

"अभ्यास?"

"चालू आहे. आईला देऊ?"

आठवडाभर ज्याची वाट बघायची तो फोन चहा गाळून होईपर्यंत आटपायचा. पोरगी माझ्यापासून लांब चालली होती, आणि मी नुसता कानाला फोन लावून ऐकत होतो. मला त्याची भीती वाटायची.

मग मी ठरवलं, तिचा तो लेखक आपण वाचायचा. बोलायला विषय तरी होईल. रजेवर जाणाऱ्याकडून काय मागवायचं याची इथे ठरलेली पद्धत आहे: भाजणी, गोडा मसाला, फार तर लोणचं. मी ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याला त्या लेखकाच्या कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद आणायला सांगितले. त्याच्या बायकोने पुस्तकं हातात देताना वर बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि म्हणाली, "भावजी, अधूनमधून जेवायला येत जा हो आमच्याकडे." गोडा मसाला सोडून पुस्तकं मागवणारा माणूस ठिकाणावर नसणार, असं तिला वाटलं असावं.

खरं सांगायचं तर तो लेखक मला झेपला नाही. त्याच्या कादंबऱ्यांत काही घडतच नाही. म्हातारा बाप आणि सासरहून आलेली मुलगी समोरासमोर बसून पानंच्या पानं चहा पितात, आणि जे बोलायचं ते सोडून हवापाण्याच्या गप्पा मारतात. मी वैतागून म्हणायचो, अरे बोला की एकदाचं. त्याचं आयुष्यही तसंच. पहाटे उठून त्याच टेबलाशी लिहायचं, संध्याकाळी एकट्याने फिरून यायचं, कोणाला भेटायचं नाही. एवढं नाव कमावून माणूस आपणहून एकटा राहतो, याचा मला रागच यायचा. आम्ही इथे नाइलाजाने राहतो. एका ठिकाणी मात्र त्याने एकट्या माणसाचं एकच ताट धुऊन पुन्हा त्याच जागी ठेवणं लिहिलंय. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ स्वयंपाकघराकडे फिरकलो नाही.

शुक्रवारी सकाळी मी मीटिंगसारखी तयारी करायचो. कुठला प्रसंग काढायचा, कुठे थांबून तिला विचारायचं, सगळं डोक्यात ठरलेलं. फोन लांबायला लागले. मी बोलायचो, ती "हं" म्हणायची, "खरंच?" म्हणायची, "मग पुढे?" म्हणायची. मला स्वर्ग दोन बोटं उरला. संबंध हिवाळा असा गेला, आणि मी नावडत्या लेखकाचं पुस्तकामागून पुस्तक संपवत राहिलो.

परवाच्या शुक्रवारी मी सहज विचारलं, "प्रोजेक्टला मॅडम काय म्हणाल्या गं?"



"बाबा, तो प्रोजेक्ट मी दिवाळीच्या आधीच बदलला. आता जपानी घरांवर करतेय. ते लेखक मला फार बोअर वाटायला लागले होते."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होऊन सांगायचास. आई म्हणाली, ऐकून घे, तिकडे त्याला दुसरं आहे काय. तुला आवडतात ना ते."

"मला? मला तो माणूस अजिबात आवडत नाही. तुझ्याशी बोलता यावं म्हणून वाचत होतो मी."

दोघंही हसलो. खूप दिवसांनी ती इतकी मोकळी हसली. मग हसणं ओसरलं.

"मग बाबा," ती हळूच म्हणाली, "आता आपण काय बोलायचं?"

मी घाईघाईने विषय शोधायला लागलो. एकही सापडला नाही. तिलाही सापडत नव्हता, ते कळत होतं. पण "आईला देऊ?" असं ती म्हणाली नाही, आणि मीही फोन ठेवला नाही.