लग्नाची सीडी

मोठ्या भावाच्या लग्नाची सीडी आज धुळ्याहून मोबाईलमध्ये उतरवून आणली आणि सोनगीरच्या घरातली ती दुपार आठवली. नव्या कॉम्प्युटरवर सीडी लावली, तर स्क्रीन काळीच. नुसता आवाज. काही केल्या चित्र येईना. तेवढ्यात वारलेल्या आजोबांचा, म्हणजे आईच्या सासऱ्यांचा, नानांचा आवाज घुमला; सगळे जेवले का, विचारत होते, "बठ्ठा जेवनात का?"

आईने चटकन पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"अगं आई, नाना दिसताहेत कुठे?" मी पोट धरून हसलो.

"त्यासना आवाज शे ना," ती पदराआडून म्हणाली.

आता आईही नाही. मोबाईलवर चित्र लख्ख येतं. तिचा चालताबोलता चेहरा फक्त याच सीडीत सापडेल म्हणून अख्खं लग्न पाहिलं. प्रत्येक वेळी ती नानांच्या मागेच उभी, पदर हनुवटीपर्यंत.